शीत ताऱ्यांचे परिवलन-मंदन

पृष्ठतापमान सुमारे ६,२०० केल्व्हिनपेक्षा कमी असलेल्या, म्हणजे सूर्यासारख्या व त्याहून थंड ताऱ्यांची स्वतःभोवतीची गती वयाबरोबर कमी होत जाते. यास परिवलन-मंदन म्हणतात. या ताऱ्यांच्या बाह्य थरात तापलेला वायू वर येतो आणि निवून खाली जातो. ही घुसळण व परिवलन यांतून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ताऱ्यावरून वाहणारा विद्युतभारित वारा त्या क्षेत्राला जखडलेला असल्यामुळे पृष्ठभाग सोडल्यावरही तो बऱ्याच अंतरापर्यंत ताऱ्यासोबत फिरतो आणि मगच सुटतो. दार बिजागरीजवळ ढकलायला जोर लागतो, कडेला बोटानेही ते फिरते. त्याचप्रमाणे इतक्या दूरवरून निसटणारे थोडे द्रव्यही पुष्कळ कोनीय संवेग (वस्तूच्या फिरण्याचा साठा) नेते. वारा जिथे असा सुटतो ती सूर्याभोवतीची सीमा पार्कर यानाने २०२१ मध्ये सुमारे १९ सौरत्रिज्यांवर प्रथम ओलांडली.

अँड्र्यू स्कुमॅनिच यांनी १९७२ मध्ये दाखवले की, परिवलनाचा वेग वयाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. वय चौपट झाले की वेग निम्मा होतो. त्यांच्या आधारांपैकी कृत्तिका व रोहिणीजवळचा तारकागुच्छ हे दोन्ही नागपूरकरांना चांगले दिसतात. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात, आणि मागोमाग रोहिणीचा गुच्छ येतो. (खुद्द रोहिणी तारा त्या गुच्छातला नाही, तो अलीकडे, निम्म्याहून कमी अंतरावर आहे.) सुमारे १२ कोटी वर्षांच्या कृत्तिकांतील सूर्यासारखे बहुतेक तारे काही दिवसांतच एक फेरी पुरी करतात, ६५ कोटींच्या आसपासच्या रोहिणी-गुच्छात त्यासाठी सुमारे १० दिवस लागतात आणि ४६० कोटी वर्षांच्या सूर्याला विषुववृत्तापाशी २५.

एकट्या ताऱ्याचे वय ठरवणे फार अवघड असल्याने या नियमाचे मोल मोठे आहे. सिडनी बार्न्स यांनी २००३ मध्ये परिवलनावरून वय काढण्याची रीत मांडली, आणि २००९ पासून केप्लर दुर्बिणीने ताऱ्यांवरील डाग समोर येता-जाता प्रकाशात होणारी किंचित चढउतार नोंदवून हजारो ताऱ्यांचे आवर्तकाल (एका फेरीला लागणारा वेळ) मिळवून दिले.

तथापि हे घड्याळ सर्वत्र सारखे चालत नाही. सुमारे १०० कोटी वर्षांच्या एनजीसी ६८११ या गुच्छातील नारिंगी तारे, त्याहून तरुण असलेल्या पुष्य नक्षत्रातील गुच्छाच्या तशाच ताऱ्यांइतक्याच वेगाने फिरताना आढळले. अंतर्भागात साठलेला संवेग बाहेरच्या थरात झिरपून काही काळ वाऱ्याने झालेली घट भरून काढतो, हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे.