अक्षर-अंक तपासणी

स्ट्रिंगमध्ये, म्हणजे संगणकातल्या मजकुराच्या तुकड्यात, फक्त अक्षरे आणि अंक आहेत, जागा, टिंब, आडवी किंवा तिरकी रेघ शिरलेली नाही, याची प्रोग्रामने केलेली खातरजमा. प्रोग्रामर तिला अल्फान्यूमेरिक चेक म्हणतात. वाहन क्रमांक, पॅन, बँकेचा आयएफएससी कोड, युजरनेम अशा ठिकाणी ती लागते. धुळ्याच्या गाडीचा क्रमांक एमएच १८ ने, जळगावचा एमएच १९ ने, नंदुरबारचा एमएच ३९ ने सुरू होतो. कुणी तो सलग टाइप करतो, कुणी मध्ये जागा सोडतो, कुणी रेघ देतो. म्हणून आधी जागा आणि रेघा काढायच्या, मग तपासायचे. नाहीतर एकाच गाडीच्या तीन नोंदी होतात.

जुनी रीत आस्की संकेतांवर, म्हणजे इंग्रजी अक्षरे, अंक आणि खुणांना दिलेल्या ठरावीक क्रमांकांवर चालते. त्यात ० ते ९ या अंकांना ४८ ते ५७, मोठ्या इंग्रजी अक्षरांना ६५ ते ९० आणि लहान अक्षरांना ९७ ते १२२ हे क्रमांक आहेत. एकेक अक्षर घ्यायचे, ते या तीन टप्प्यांत बसते का पाहायचे, बसले नाही की तिथेच थांबून नकार द्यायचा. रिकामी स्ट्रिंग मात्र आठवणीने वेगळी तपासावी: पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे ‘इझॲलनम’ फंक्शन, म्हणजे हीच तपासणी करणारी तयार आज्ञा, तिला नकार देते, पण हाताने लिहिलेल्या लूपमधून, म्हणजे एकेक अक्षर पाहणाऱ्या आवर्तनातून, ती सहज निसटते, कारण चुकीचे ठरवायला तिच्यात अक्षरच नसते. रेग्युलर एक्स्प्रेशनमधील, म्हणजे मजकुराचा नमुना खुणांनी लिहिण्याच्या पद्धतीतील, ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ ही खूण अंडरस्कोअरही (_) चालवून घेते, हे अनेकांना उशिरा कळते.

खरी अडचण देवनागरीत येते. खानदेशात घरोघरी होणाऱ्या वरण-बट्टीचेच उदाहरण घ्या. पायथॉनचे हेच फंक्शन ‘वरण’ला होकार देते आणि ‘बट्टी’ला नकार. ‘जळगाव’, ‘धुळे’, ‘नंदुरबार’, ‘अहिराणी’, इतकेच काय ‘खानदेश’ हा शब्दही त्यातून पार होत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांना संकेत देणाऱ्या पद्धतीत, व्यंजने आणि सुटे स्वर ‘अक्षर’ या वर्गात येतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात येतात. फंक्शन फक्त अक्षर आणि अंक हे वर्ग पाहते. आपण वाचताना ‘धु’ एक अक्षर समजतो, संगणकाकडे ते दोन संकेत असतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेतील तशाच फंक्शनचेही हेच होते. मराठी किंवा अहिराणी नाव स्वीकारायचे असेल, तर अक्षर, अंक आणि चिन्ह हे तिन्ही वर्ग मान्य करावे लागतात. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये युनिकोडचे वर्ग लिहिण्याची सोय २०१८ च्या मानकापासून आहे.

तेवढ्यानेही ‘शेतकऱ्या’ अडकू शकतो. त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात र, हलन्त आणि य यांच्यामध्ये झिरो विड्थ जॉइनर हा न दिसणारा संकेत असतो. तो अक्षरही नाही, चिन्हही नाही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, एक स्वीकारला जातो, दुसरा नाही. फॉर्म भरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, म्हणून हा संकेत मुद्दाम मान्य करणे हे प्रोग्रामरचे काम आहे.

अंकांची गोष्ट उलटी आहे. ‘१९’ हे देवनागरी अंक पायथॉनमध्ये बिनतक्रार पार होतात. पण इंग्रजी अक्षरांपुढे देवनागरी अंक लिहून वाहन क्रमांक साठवला, की इंग्रजी अंकांनी शोधणाऱ्याला तो सापडत नाही. त्यामुळे वाहन क्रमांक, पॅन, आयएफएससी यांसाठी अंक आधी इंग्रजीत बदलून तपासणी आस्कीपुरतीच ठेवावी. गावाच्या आणि माणसाच्या नावासाठी ती युनिकोडची हवी.

काही माहितीला ही तपासणी लावूच नये. रावेर-यावल भागातल्या केळी उत्पादकाने सातबाऱ्यावरचा गट क्रमांक ४५/२ असा भरला, तर तिरकी रेघ पाहून फॉर्म तो नाकारील. गाडीच्या क्रमांकातली रेघ काढली तरी गाडी तीच राहते. इथली रेघ काढली की ४५२ उरते, आणि तो दुसऱ्याच गटाचा क्रमांक असतो.