अमेरिकेतलं वीज ट्रान्समिशन: प्रादेशिक नियोजन आणि स्पर्धा

हाय व्होल्टेज लाइन कुठून न्यायची, ती कोणी बांधायची आणि तिचा खर्च कोणाच्या बिलात चढवायचा, या तीन प्रश्नांभोवती अमेरिकेत उभी राहिलेली ही व्यवस्था. पूर्वी ज्या कंपनीचा एरिया तिचीच लाइन, पहिला हक्क तिचा, बाहेरच्याला शिरकावच नाही. जुलै 2011 मध्ये तिथल्या केंद्रीय नियामक आयोगाने, म्हणजे फर्कने, ऑर्डर 1000 काढली आणि प्रादेशिक प्लॅनमधून निवडलेल्या, खर्च वाटून घ्यायच्या लाइन्सपुरता हा हक्क टॅरिफमधून, म्हणजे कंपन्यांच्या दर आणि अटींच्या मंजूर दस्तऐवजातून, काढायला लावला. एका प्रदेशातल्या कंपन्यांनी प्लॅन एकत्र बसून करायचा आणि ज्याला फायदा होतो त्याने खर्च उचलायचा हेही त्यातच आलं. कंपन्या कोर्टात गेल्या, पण 2014 मध्ये अपील कोर्टात ऑर्डर टिकली.

स्पर्धेने काय होतं ते डफ-कोलमन लाइनवरून कळतं. इंडियाना आणि केंटकी जोडणारी ही 345 किलोव्होल्टची लाइन, ग्रिड चालवणाऱ्या मिसोने टेंडर काढलं, 11 प्रस्ताव आले, 2016 मध्ये एलएस पॉवरच्या उपकंपनीला काम मिळालं आणि तिने बांधकामाच्या खर्चावर मर्यादा स्वतःच लिहून दिली. हे फार महत्त्वाचं आहे, कारण एरवी खर्च वाढला की तो सरळ ग्राहकाच्या बिलात जातो.

पण अशा लाइन्स मोजक्याच. लोकल प्रोजेक्ट, जुन्या लाइनचं अपग्रेड, तातडीची कामं हे सगळं स्पर्धेबाहेर, त्यामुळे कंपन्यांचा कल तिकडेच राहिला, आणि ब्रॅटल या सल्लागार कंपनीच्या 2019 च्या अभ्यासात 2013 ते 2017 मधल्या ट्रान्समिशन गुंतवणुकीपैकी जेमतेम 3 टक्के स्पर्धेतून गेलेली दिसली. मला तरी यात खरी अडचण टेंडरची नाही तर नियोजनाची वाटते, प्रदेशाचा प्लॅनच मोठा नसेल तर स्पर्धा लावणार कशावर?

त्यात राज्यांनी आपापले कायदे करून जुन्या कंपन्यांचा हक्क परत दिला. मिनेसोटाचा कायदा 2020 मध्ये अपील कोर्टात टिकला, टेक्सासच्या 2019 च्या कायद्याविरुद्ध मात्र 2022 मध्ये दुसऱ्या अपील कोर्टाने निकाल दिला, म्हणजे हा वाद राज्याराज्यात वेगळा.

मे 2024 मध्ये फर्कने ऑर्डर 1920 आणली. आता निदान 20 वर्षं पुढचं बघून प्लॅन करायचा आणि दर 5 वर्षांनी तरी तो नव्याने मांडायचा. पण बदलायला आलेली जुनी लाइन प्रदेशाच्या गरजेसाठी मोठी करायची ठरली तर पहिला हक्क पुन्हा जुन्या मालकालाच दिलाय.