परत मागवलेली वस्तू ओळखायची कशी? या प्रश्नामागचा इतिहास

घरातली एखादी वस्तू सदोष असल्यामुळे उत्पादकाने परत मागवली आहे का, हे आज बऱ्याच वस्तूंच्या बाबतीत मॉडेल, तुकडी (बॅच) किंवा सिरीयल क्रमांक संकेतस्थळावर भरून घरबसल्या पाहता येते. ही सोय मात्र अलीकडची आहे आणि तिच्यामागे अनेकांचे मृत्यू आहेत.

1937 साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका कंपनीने ‘एलिक्झिर सल्फानिलमाइड’ नावाचे गोड, पातळ औषध बाजारात आणले. ते डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात बनवलेले होते आणि त्याने शंभराहून अधिक लोक दगावले. त्यांत बरीच लहान मुले होती. कंपनीने विक्रेत्यांना पाठवलेल्या पहिल्या तारांमध्ये औषध परत पाठवा एवढेच म्हटले होते, ते प्राणघातक असल्याचे सांगितलेच नव्हते. अन्न व औषध प्रशासनाने आग्रह धरल्यावर स्पष्ट इशारा देणाऱ्या तारा पुन्हा पाठवण्यात आल्या. प्रशासनाच्या 239 निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञांपैकी जवळपास सर्व जण विक्रीच्या पावत्या व डॉक्टरांच्या नोंदी चाळत बाटल्यांचा माग काढत फिरले आणि 240 गॅलनपैकी सुमारे 234 गॅलन औषध त्यांनी हस्तगत केले. ही जप्ती करण्यासाठी कायद्याचा आधारही ओढूनताणून शोधावा लागला होता: ‘एलिक्झिर’ म्हणजे अल्कोहोलयुक्त औषध, आणि यात अल्कोहोल नव्हते, म्हणून नाव दिशाभूल करणारे ठरवले गेले. पुढच्याच वर्षी कडक कायदा आला. तरीही ज्याच्या कपाटात ती बाटली होती, त्याला स्वतःहून खात्री करून घेण्याची कोणतीच वाट त्या काळी नव्हती, हे विसरता येत नाही.

मोटारींच्या बाबतीत ही वाट आधी तयार झाली. 1966 च्या अमेरिकी कायद्याने सुरक्षेशी संबंधित दोष आढळल्यास मालकाला पत्राने कळवणे उत्पादकावर बंधनकारक केले; दुरुस्ती विनामूल्य करून देण्याची सक्ती 1974 मध्ये आली. पत्र मुख्यतः पहिल्या खरेदीदाराला जात असे, त्यामुळे जुनी गाडी विकत घेणारा बऱ्याचदा अंधारातच राही. 1981 पासून प्रत्येक गाडीला एकाच पद्धतीचा सतरा चिन्हांचा ओळख क्रमांक देणे सुरू झाले. एक आणि शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यातून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वगळलेली आहेत. गाडी कितीही हातांतून गेली तरी क्रमांक तोच राहतो, आणि याच आधारावर 2014 मध्ये तेथील वाहतूक सुरक्षा यंत्रणेने कोणालाही आपल्या गाडीची प्रलंबित दुरुस्ती तपासता येईल अशी ऑनलाइन सोय खुली केली.

घरगुती वस्तूंची नोंदणी मात्र सहसा होत नसे. वृत्तपत्रातले निवेदन किंवा दुकानात लावलेली सूचना, एवढ्यावरच भिस्त असे. याची किंमत किती भयंकर असू शकते, हे 1998 मध्ये शिकागोत दिसले. तेथे एका पाळणाघरात, घडी होणाऱ्या खाटेचा कठडा कोसळून एका चिमुकल्याचा गळा दाबला गेला. ती खाट पाच वर्षांपूर्वीच परत मागवलेली होती. माहिती जाहीर झालेली होती, पण जिथे हवी होती तिथे ती पोहोचली नव्हती. 2008 च्या अमेरिकी कायद्याने लहान मुलांच्या टिकाऊ वस्तूंसोबत, खरेदीदाराने भरून उत्पादकाला पाठवायचे नोंदणीपत्र देणे आणि मुलांच्या वस्तूंवर उत्पादक, ठिकाण, तारीख व तुकडी कळेल अशी कायमस्वरूपी खूण करणे सक्तीचे केले. माझ्या मते यांतली खूणच अधिक मोलाची आहे, कारण नोंदणीपत्र पाठवायचे राहून जाते आणि वस्तू दुसऱ्या घरी गेली की त्याचा उपयोगही संपतो.

2012 मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने विविध देशांतील अशा सूचना एकत्र शोधता येतील असे जागतिक संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघात 13 डिसेंबर 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार, ज्या ग्राहकांचा पत्ता लागतो त्यांना थेट कळवावे लागते. शिवाय सूचनेत ‘ऐच्छिक’, ‘खबरदारीचा उपाय म्हणून’ किंवा ‘क्वचित प्रसंगी’ असे, धोका सौम्य भासवणारे शब्द वापरायला तिथे आता मनाई आहे.