आरसा घासून झाला, आता पावसाळा सांभाळा

"काच कुठे गंजते का?" हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो. पुण्यात दुर्बीण बनवायचा नाद जुना, आयुका या इथल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या कार्यशाळांमधून कितीतरी जण दुर्बिणीचा काचेचा आरसा हाताने घासून घरी घेऊन गेलेत, मग कोटिंगचं, म्हणजे त्यावर चढवायच्या चकचकीत धातूच्या थराचं, राहून जातं आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातो. दिवाळीच्या साफसफाईत काढावा तर पॉलिश केलेल्या बाजूवर निळसर दुधी पापुद्रा, पुसला तरी जात नाही.

काच गंजते, फक्त लोखंडासारखी नाही. साध्या काचेत ७० टक्क्यांच्या आसपास सिलिका असते आणि तिच्या जाळ्यात अडकलेलं सोडियम. दमट हवेत काचेवर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा थर बसतो, त्यातला हायड्रोजन आत शिरतो, सोडियम बाहेर येतं आणि पाण्यात त्याचा कॉस्टिक सोडा होतो. नळाखाली हा सोडा वाहून गेला असता, पण इथे पाणीच इतकं थोडं की तो जागेवर साचत राहतो आणि पीएच ९ च्या वर गेला की सिलिकाचं जाळंच तुटायला लागतं! म्हणजे धो धो पावसात भिजलेली काच एकवेळ परवडली, ओलसर कागदात गुंडाळलेली नाही. लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी वर्षानुवर्षं चकचकीत राहते कारण आम्ल हे जाळं तोडत नाही. बोरोसिलिकेट काचेत सोडियम बरंच कमी, म्हणून ती जास्त टिकते.

खिडकीला याने बिघडत नाही. पण सहा इंची, १२०० मिलिमीटर फोकल लेंग्थच्या (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतच्या अंतराच्या) आरशात साधा गोल खोलगटपणा आणि दुर्बिणीला लागणारा पॅराबोला यातला फरक जेमतेम ०.०७ मायक्रॉन, केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. डाग काढायला पिच लॅपवर (डांबरासारख्या पिचच्या पॉलिशच्या थाळीवर) सिरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पुडीने पाच मिनिटं जरी फिरवलात तरी फूको टेस्ट, म्हणजे आरशाच्या आकाराची प्रकाशाने करायची तपासणी, परत करावी लागते.

म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पॉलिशच्या बाजूला कागद, कापड, बोट काहीच टेकू देऊ नका. ठेवायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पूर्ण वाळवा. आरसा उत्तरेला ठेवा की पूर्वेला, या वास्तूच्या सल्ल्यांना काही आधार नाही, पश्चिमेची भिंत आपल्याकडे पावसात ओल धरते तेवढी मात्र टाळा.

आणि डबा बंद करायच्या आधी आरसा एकदा ट्यूबमध्ये बसवून चंद्र बघाच. कोटिंगशिवाय ४ टक्केच प्रकाश परत येतो, चंद्राला तेवढा पुरतो.