ईमेलडाव

ईमेलडाव : एकमेकांपासून दूर राहणाऱ्या भिडूंनी आपापल्या चाली ईमेलने पाठवून खेळायचा पाळीचा डावपेची खेळ. सगळ्यांनी एकाच वेळी ऑनलाइन असण्याची यात गरज नसते. भिडू सवडीने नकाशा उघडतो, फौजा हलवतो, कारखान्यांना कामे लावतो आणि हुकुमांची फाइल पाठवून मोकळा होतो. पुढची पाळी तयार होऊन येईपर्यंत डाव त्याच्याकडून काही मागत नाही. त्यामुळे एकच डाव महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही चालतो. वाडीत घरी रेंज नसते पण सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळ पठारावर, गेले की मिळते, अशा कोकण किनाऱ्याला हा प्रकार फार सोयीचा आहे. मात्र इथला डाव अडखळू नये असे वाटत असेल, तर त्याचे वेळापत्रक इथल्या सणवार आणि पावसापाण्याशी जुळवावे लागते.

या खेळाचे मूळ टपालात आहे. पत्राने बुद्धिबळ खेळण्याची प्रथा जुनी असून आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला. दोन देशांतल्या खेळाडूंमध्ये भाषेचा घोळ होऊ नये म्हणून तिथे चाल आकड्यांत लिहितात : पाचव्या स्तंभातले, दुसऱ्या ओळीतले प्यादे दोन घरे पुढे सरकले की ‘५२५४’. अनेक भिडूंच्या डावाला खरे वळण ‘डिप्लोमसी’ या, सात भिडूंनी युरोपच्या नकाशावर खेळायच्या खेळाने दिले. अमेरिकेतील ॲलन कॅल्हॅमर यांनी तो १९५९ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९६३ पासून जॉन बोर्डमन यांनी त्याचे टपालाने चालणारे डाव सुरू केले. रिक लूमिस यांच्या फ्लाइंग बफेलो या संस्थेने १९७० नंतर टपाली डाव हा व्यवसायच केला. नव्वदच्या दशकात ‘व्हीजीए प्लॅनेट्स’ आणि ‘स्टार्स!’ असे खास फाइलींच्या देवघेवीसाठी रचलेले संगणकीय खेळ आले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तरी किनाऱ्यावरच्या गावांपर्यंत ते पोचायला बराच काळ गेला.

ईमेलडावाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात भिडू एकामागून एक खेळतात आणि तीच फाइल हातोहात पुढे जाते. दुसऱ्यात सगळे एकाच मुदतीत गुपचूप हुकूम पाठवतात आणि डाव चालवणारा सूत्रधार ते एकदम सोडवतो, म्हणजे सगळे एकत्र लावून निकाल काढतो. पहिला प्रकार दोघातिघांपुरता ठीक. सहा भिडूंनी एकेक दिवस घेतला तर एका फेरीला सहा दिवस लागतात आणि शंभर फेऱ्यांना ६०० दिवस, तेही कोणी एकदासुद्धा उशीर केला नाही तर. चारांहून जास्त भिडू असतील तर दुसराच प्रकार घ्यावा.

डावाचे यश सूत्रधारावर अवलंबून असते. तो स्वतः खेळत नसेल तर उत्तम, कारण सगळ्यांचे गुप्त हुकूम त्याच्याकडे असतात. दर पाळीला न चुकता मुदत पाळणारा माणूस हा खेळात तरबेज असलेल्या माणसापेक्षा अधिक चांगला सूत्रधार ठरतो. नियमांतल्या बारकाव्यांवर त्याची नजर मात्र पक्की हवी. ‘डिप्लोमसी’त बल्गेरियाला पूर्व आणि दक्षिण असे दोन किनारे आहेत. कॉन्स्टँटिनोपलचे आरमार तिथे न्यायचे तर ‘आरमार कॉन्स्टँटिनोपल – बल्गेरिया, पूर्व किनारा’ असे लिहावे लागते. तिथून पुढे काळ्या समुद्रात शिरता येते. दक्षिण किनाऱ्यावर गेले तर एजियन समुद्राची वाट मिळते. किनारा लिहिलाच नाही तर आरमार जागचे हलत नाही. अशा वेळी ‘तुला काय म्हणायचे होते’ असे विचारण्याचा मोह सूत्रधाराला होतो. तो टाळावा. एकाला विचारले की उरलेल्या सहा जणांवर अन्याय होतो. विचारायचेच असेल तर तसा नियम पहिल्या पाळीआधी सर्वांना लेखी कळवलेला असावा.

फाइलींच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा नावावरून होतो. बहुतेक खेळ आपली फाइल ठरलेल्या नावानेच ओळखतात. फोनवर किंवा संगणकावर तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की नावापुढे कंसात १ लागतो, खेळ ती उघडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे मागच्या पाळीची फाइल उघडतो आणि भिडू तासभर जुनीच पाळी खेळत बसतो. म्हणून दर पाळीला नवा फोल्डर करावा, आतल्या फाइलीच्या नावाला हात लावू नये. ती झिप करून झिपलाच ‘पाळी १७ देवगड’ असे नाव द्यावे आणि विषयाच्या ओळीतही तेच लिहावे. सूत्रधाराने फाइल मिळताच ‘पोचली’ एवढे एका शब्दात कळवावे. हा शब्द आला नाही तर आपली फाइल गेली नाही असे भिडूने समजायचे. सर्व पाळ्यांच्या मूळ फाइली डाव संपेपर्यंत जपून ठेवाव्यात. एखादी पाळी चुकीच्या फाइलीवर सोडवली गेली तर मागे जाण्याचा दुसरा मार्ग नसतो. आणखी एक सावधगिरी : उत्तर ‘सर्वांना’ जाणार नाही याची पाठवण्यापूर्वी खात्री करावी. एका चुकीच्या बटणाने महिन्याभराची गुप्त युती उघडी पडते.

मुदत ठरवताना ‘शनिवारी रात्री १२ पर्यंत’ असे कधीही लिहू नये. निम्मे लोक ती शनिवार सुरू होतानाची धरतात, निम्मे संपतानाची. ‘रविवार, रात्री ९, भारतीय वेळ’ असे स्पष्ट असावे. कोकणातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा व्यापारी जहाजावर असतो आणि जहाजाचे घड्याळ प्रवासात पुढेमागे होत राहते. त्याच्यासाठी जागतिक वेळेनुसार दुपारचे साडेतीन हेही सोबत द्यावे. वेळ कोणती धरायची हेही आधी सांगावे. वाडीत बसून भिडूने रविवारी संध्याकाळी मेल पाठवला, पण तो फोनच्या आउटबॉक्समध्येच अडकला आणि सोमवारी सकाळी सड्यावर गेल्यावर सुटला, तर तो मुदतीत आला की नाही? सूत्रधाराच्या पेटीत पडल्याची वेळ धरणे हा एकच नियम वादाशिवाय चालतो. मुदतीआधी एक दिवस साधे स्मरणपत्र जावे : ‘दादा, पाळी १७ चे हुकूम अजून आले नाहीत. उद्या रात्री ९ पर्यंत वाट बघतो.’ एवढ्याने बहुतेक चुकलेल्या पाळ्या वाचतात.

कोकणी वर्षाचे वेळापत्रक मात्र घड्याळाने सुटत नाही. एप्रिल-मे आंब्याचा हंगाम. बागायतदार भिडू पहाटेपासून काढणी आणि पेट्या भरण्यात असतो, म्हणून एरवी पाळीला ४८ तासांची मुदत असेल, तरी या काळात ती आठवड्याची ठेवावी. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, बंदरावरच्या भिडूंना वेळ मिळतो; डाव वेगात न्यायचा तर हेच दिवस. पण तेव्हाच वीज आणि रेंज दगा देतात. गणपतीत डाव सरळ थांबवावा. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, घरोघरी आरत्या आणि भजने चालतात आणि कोणाला नकाशाकडे बघायला फुरसत नसते. त्या दिवसांत भिडू पडवीत समोरासमोर भेटतात, तेव्हा वाटाघाटींनाही बंदी असावी, नाहीतर जहाजावरचा भिडू एकटा पडतो. शिमग्यात पालखी आपल्या वाडीत येण्याचा दिवस प्रत्येकाचा वेगळा, म्हणून त्या आठवड्यात भिडूला मागेल तेव्हा एक वाढीव मुदत द्यावी. आंगणेवाडीच्या जत्रेची गोष्ट निराळी आहे. तिची तारीख पंचांगाने ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, तेव्हा ती वर्षाच्या आरंभी वेळापत्रकात लिहिताच येत नाही. जाहीर होताच सूत्रधाराने मुदती सरकवाव्यात.

वादळांसाठी वेगळा नियम हवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत वीज आणि संपर्क अनेक दिवस बंद राहिला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीला घासून गेले. ज्याचे झाड पडून छप्पर गेले आहे तो मुदत वाढवून मागायला मेल करू शकत नाही. म्हणून हवामान खात्याने किनाऱ्याला चक्रीवादळाचा इशारा दिला की कोणी न मागता डाव आपोआप थांबतो आणि सर्व भिडूंची खुशाली कळल्यावरच पुन्हा सुरू होतो, असे नियमातच लिहून ठेवावे.

एरवी हुकूम आले नाहीत तर काय होते हे खेळागणिक बदलते. ‘डिप्लोमसी’त त्या भिडूच्या फौजा जागच्या जागी उभ्या राहतात, ‘स्टार्स!’मध्ये आधी दिलेले हुकूम चालू राहतात, जहाजे ठरलेल्या वाटेने जातात आणि कारखाने रांगेतली कामे उरकतात. लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या तर बदली भिडू घ्यावा. त्याचे नाव डाव सुरू होतानाच ठरलेले असावे, कारण मोडकळीला आलेले राज्य मध्येच सांभाळायला कोणी सहजासहजी तयार होत नाही.

डाव संपवण्याची अटही आरंभीच लिहावी. ‘डिप्लोमसी’त ३४ पैकी १८ पुरवठा केंद्रे (फौजा ज्यांच्या जोरावर पोसता येतात ती नकाशावरची ठिकाणे) ज्याच्याकडे तो जिंकतो, पण ईमेलवरचे कितीतरी डाव त्याआधी बरोबरीने सुटतात. बरोबरीसाठी मत गुप्तपणे सूत्रधाराकडे द्यायचे असते आणि एकानेही नकार दिला तर डाव पुढे चालतो. नकार कोणी दिला हे सूत्रधार सांगत नाही. डाव संपल्यावर तो सर्व पाळ्यांचे हुकूम सर्वांना खुले करतो.