मे ला छावणीतील शास्त्रवर्ग आणि त्यामागची दोनशे वर्षे

थायलंडच्या ताक प्रांतात, मे सोत या सीमेवरील शहरापासून उत्तरेकडे सुमारे 60 किलोमीटरवर, चुनखडकाच्या उभ्या कड्याखाली मे ला ही निर्वासितांची छावणी आहे. म्यानमारच्या सीमेलगत थायलंडच्या हद्दीत अशा नऊ छावण्या असून त्यांत ही सर्वांत मोठी आहे. 1984 पासून येथे म्यानमारमधील कारेन या अल्पसंख्य समाजाचे लोक राहतात आणि एके काळी त्यांची संख्या 50 हजारांच्या आसपास गेली होती. या छावणीत बायबलचे शिक्षण देणारी शाळा आहे, तेथे परदेशातील मिशनरी काही आठवडे किंवा काही महिने येऊन कारेन पाळकांना आणि पाळक होऊ पाहणाऱ्या तरुणांना जुना व नवा करार शिकवतात. दूरवरून पाहणाऱ्याला हे संकटग्रस्तांना केलेले आणखी एक साहाय्य वाटते. मात्र कारेन ख्रिस्ती समाजाचा इतिहास ज्याने थोडाफार चाळला आहे, त्याला हा वर्ग नवा वाटणार नाही, कारण आपला मुलूख सोडून, सीमा ओलांडून शास्त्र शिकायचे आणि ते परत आपल्या गावी न्यायचे, ही या समाजातील पाळकांची अगदी पहिल्या पिढीपासूनची रीत आहे.

या इतिहासाची सुरुवात एका अशा घटनेपासून होते जिचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. फेब्रुवारी 1812 मध्ये अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांना परदेशी सेवेसाठी दीक्षा देण्यात आली. ते कलकत्त्याला पोहोचले, परंतु ईस्ट इंडिया कंपनीला तेथे मिशनरी नको होते. पाचांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला आले आणि त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. पुढे अहमदनगर, सातारा, सोलापूर या भागांत शाळा आणि मंडळ्या (स्थानिक चर्च) स्थापन करणारे मिशन ते हेच. त्याच तुकडीतील ॲडोनिराम जडसन यांनी बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर मतबदल होऊन बॅप्टिस्ट पंथ स्वीकारला आणि ते जुलै 1813 मध्ये रंगूनला उतरले. जडसन यांनी बर्मी भाषा आत्मसात केली आणि संपूर्ण बायबल त्या भाषेत आणले. बौद्ध बर्मी समाजातून मात्र त्यांना फारच थोडे अनुयायी मिळाले, आणि मोठा प्रतिसाद आला तो त्यांनी ज्यांचा आधी विचारही केला नव्हता अशा डोंगरी लोकांकडून.

ते लोक म्हणजे कारेन. त्यांच्या मौखिक परंपरेत य्वा नावाचा सृष्टिकर्ता होता आणि त्याने दिलेला ग्रंथ कारेनांच्या हातून हरवला, तो एक दिवस गोरा धाकटा भाऊ समुद्रापलीकडून परत आणील, अशी कथा सांगितली जात असे. मिशनऱ्यांच्या लेखनात या कथेला फार महत्त्व दिले गेले. माझ्या मते तिच्याइतकेच महत्त्वाचे कारण असे की बर्मी सत्तेखाली वेठ, कर आणि अवहेलना सोसणाऱ्या या समाजाला स्वतःची लिपी आणि स्वतःची शाळा प्रथमच मिळत होती. पहिला कारेन ख्रिस्ती को था ब्यू हा स्वतःच्या कबुलीनुसार दरोडेखोर आणि अनेकांचा खुनी होता. कर्जापायी बांधला गेलेला हा माणूस मोलमीन येथे मिशनच्या आश्रयाला आला आणि 16 मे 1828 रोजी दावेई (तेव्हाचे टॅव्हॉय) येथे जॉर्ज डाना बोर्डमन यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे 1840 पर्यंत, तो गावोगाव उपदेश करीत हिंडला. जोनाथन वेड यांनी बर्मी अक्षरांवरून स्गॉ कारेन या कारेनांच्या एका प्रमुख भाषेसाठी लिपी बसवली. फ्रान्सिस मेसन यांनी 1843 मध्ये नवा करार आणि 1853 मध्ये संपूर्ण बायबल स्गॉ कारेनमध्ये दिले. एका पिढीच्या आत ज्या भाषेला लेखनच नव्हते तिच्यात लोक पवित्र शास्त्र वाचू लागले.

येथून पुढची हकीकत मला या विषयाच्या केंद्रस्थानी वाटते. 1837 मध्ये थारावडी राजा गादीवर आला आणि इंग्रजांशी त्याचे संबंध बिघडत गेले. खालचा ब्रह्मदेश, विशेषतः इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील बसीनचा (आजचे पाथेन) परिसर त्याच्या अमलाखाली होता आणि तेथे परदेशी मिशनऱ्याला राहणे अशक्य झाले. त्या भागात नुकतेच फिरून आलेले एलायशा ॲबट हे मिशनरी 1840 मध्ये आराकान किनाऱ्यावरील सँडोवे येथे जाऊन राहिले, कारण आराकान तेव्हा ब्रिटिशांकडे होते. बसीन आणि सँडोवे यांच्यामध्ये आराकान योमाची रांग आहे, घनदाट जंगलाची आणि पावसाळ्यात ओलांडता न येणारी. कारेन तरुण ही रांग पायी ओलांडून ॲबट यांच्याकडे येत, काही महिने वाचन, लेखन आणि शास्त्र शिकत आणि पुन्हा डोंगर चढून आपल्या गावी परत जात. परत जाणे धोक्याचे होते, पुस्तक जवळ सापडले तर मारहाण, तुरुंग आणि दंड ठरलेला असे. छळाला कंटाळून पुष्कळ कुटुंबेही सीमा ओलांडून आराकानात आली, त्यांच्या वस्त्यांत पटकीने अनेकांचा बळी घेतला. म्हणजे सँडोवेच्या त्या वर्गाभोवतीही निर्वासितांची वस्ती होती.

ॲबट स्वतः बसीनला जाऊ शकत नसल्यामुळे त्यांच्यापुढे एकच मार्ग उरला. शिकून तयार झालेल्या कारेनांनाच दीक्षा देऊन बाप्तिस्मा देण्याचा आणि मंडळी चालवण्याचा अधिकार त्यांच्या हाती सोपवायचा. 1840 च्या दशकात त्यांनी तसे केले आणि नवदीक्षित पाळकांनी शेकडो लोकांना बाप्तिस्मा दिला. याहून धाडसाची गोष्ट अशी की पाळकांचा निर्वाह मिशनच्या पैशांवर न होता मंडळ्यांनीच करावा, असा आग्रह ॲबट यांनी धरला आणि बसीनच्या कारेनांनी तो उचलून धरला. को था ब्यूच्या बाप्तिस्म्याला 50 वर्षे झाली तेव्हा, 1878 मध्ये, बसीन येथे त्याच्या स्मरणार्थ जे भव्य सभागृह उघडण्यात आले, ते कारेनांच्याच वर्गणीतून. मिशनरी शिक्षक आणि देशी पाळक यांच्यातील नाते कसे असावे, याचे हे उदाहरण त्या काळातील आशियात दुर्मिळ होते. महाराष्ट्रातील मिशनांच्या इतिहासात देशी पाळकांच्या पगाराचा आणि अधिकाराचा वाद कित्येक दशके चालला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना बसीनचे वेगळेपण चटकन जाणवेल.

1845 मध्ये जोसेफ बिनी यांनी मोलमीन येथे कारेन पाळकांसाठी रीतसर शिक्षणसंस्था सुरू केली, ती पुढे रंगूनला आणि नंतर त्या शहराच्या वेशीवरील इन्सेन येथे गेली. शतकभर तिने पाळक घडवले. पुढच्या घडामोडी येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. दुसऱ्या महायुद्धात कारेन ब्रिटिशांच्या बाजूने राहिले, बर्मी राष्ट्रवादी सेना सुरुवातीला जपान्यांच्या बाजूने होती, आणि 1942 मध्ये म्यांगम्या भागात कारेनांच्या कत्तली झाल्या. 1948 मध्ये देश स्वतंत्र झाला, जानेवारी 1949 च्या अखेरीस कारेन नॅशनल युनियन या कारेनांच्या राजकीय संघटनेचे सशस्त्र बंड सुरू झाले. त्या बंडाची पहिली मोठी लढाई इन्सेनलाच झाली. 1962 मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, खासगी शाळा सरकारजमा केल्या आणि 1966 मध्ये परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर घालवले.

या निर्णयाचा परिणाम दुहेरी होता. कारेन मंडळ्या कोलमडल्या नाहीत, कारण त्यांचे पाळक, त्यांचा निधी आणि त्यांची शिक्षणसंस्था आधीपासून त्यांच्याच हाती होती, ॲबट यांच्या धोरणाचे फळ सव्वाशे वर्षांनी असे दिसले. परंतु बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटला आणि नवी पुस्तके किंवा नवे अध्यापक मिळणे दुरापास्त झाले. बंडखोर भागातील डोंगरी गावांची स्थिती त्याहून बिकट झाली. बंडखोरांचे अन्न, पैसा, माहिती आणि माणसे तोडण्याची लष्कराची मोहीम, जिला तेथे ‘चार तोड’ म्हणतात, गावांवर चालून आली. भाताची कोठारे जाळणे, गावे उठवणे, लोकांना ओझी वाहायला धरून नेणे हे वर्षानुवर्षे चालले. आधी गावकरी उन्हाळी मोहिमेत थायलंडच्या हद्दीत सरकत आणि पाऊस लागला की सैन्य मागे फिरताच शेतीसाठी परतत. 1984 मध्ये सैन्य मागे फिरले नाही आणि सुमारे 10 हजार माणसे सीमेपलीकडेच राहिली. छावण्यांचा आरंभ तेथून धरतात.

याच सुमारास कारेन मुलखात सुरू झालेली एक बायबल शाळा लढाईमुळे विस्थापित झाली आणि 1990 च्या सुमारास मे ला येथे स्थिरावली. कॉथूले कारेन बॅप्टिस्ट बायबल स्कूल अँड कॉलेज हे तिचे नाव, कॉथूले म्हणजे कारेनांनी आपल्या भूमीला दिलेले नाव. तिचे दीर्घकाळचे प्राचार्य रेव्ह. डॉ. सॉ सायमन हे इन्सेनच्या शिक्षणसंस्थेत अध्यापक होते. तेथील स्थिर आयुष्य सोडून ते निर्वासितांत येऊन राहिले आणि 2015 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ही शाळा चालवली. बॅप्टिस्ट वर्ल्ड अलायन्स या जगभरच्या बॅप्टिस्टांच्या संघटनेने 2000 साली त्यांना मानवी हक्कांसाठीचा पुरस्कार दिला. इन्सेनची परंपरा छावणीत आली ती अशा माणसांमुळे.

आता परदेशी मिशनऱ्याचे स्थान नेमके दिसते. 1966 नंतर म्यानमारमध्ये त्याला राहून शिकवता येत नव्हते, पण छावणी थायलंडमध्ये होती. सरकारने दार लावल्यावर मिशनरी आणि कारेन पाळक यांची भेट पुन्हा सीमेपलीकडेच झाली, सँडोवेला झाली होती तशी. तो येथे पाहुणा अध्यापक असतो, थाई अधिकाऱ्यांच्या परवान्यावर येतो आणि परवाना संपला की जातो. अभ्यासक्रम, परीक्षा, वसतिगृह, शिस्त आणि पदवीनंतर कोणाला कोठे पाठवायचे हा निर्णय कारेनांचा असतो. शिक्षकाला आणि पाळकाला कारेन भाषेत ‘थरा’ असेच म्हणतात, स्त्री असेल तर ‘थरामु’, आणि छावणीतील थरांना शास्त्र शिकवण्याबरोबर अंत्यविधी, लग्ने, भांडणे, रेशनच्या यादीतील घोळ हे सगळे निस्तरावे लागते.

वर्ग भरतो तो बांबूच्या घरात, पानांच्या छपराखाली. थायलंडने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, छावण्यांना तो तात्पुरता निवारा म्हणतो आणि त्यामुळे सिमेंटची पक्की घरे बांधण्यास तेथे वर्षानुवर्षे मनाई होती. जेवण बराच काळ शिध्याचे होते, भात, डाळ, मासळीची चटणी, मीठ आणि मिरची. अशा जागी जुन्या करारातील यिर्मयाच्या पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय शिकवायला घेतला की काय होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना संदेष्टा पत्र लिहितो की घरे बांधून राहा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित चिंता. ज्याला पक्के घर बांधायची आणि छावणीबाहेर शेत कसायची वर्षानुवर्षे परवानगीच नव्हती, अशा पाळकाने तो उतारा आपल्या मंडळीला कसा समजावून सांगायचा? सुखवस्तू देशातून आलेल्या शिक्षकाकडे याचे तयार उत्तर नसते, उलट त्या उताऱ्यातला बंदिवास त्याला विद्यार्थ्यांकडूनच समजून घ्यावा लागतो.

या शिक्षणाला आणखी एक कठीण बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. कारेनांमध्ये बहुसंख्य बौद्ध आहेत, सशस्त्र चळवळीचे नेतृत्व मात्र बराच काळ ख्रिस्ती लोकांकडे राहिले. 1994 च्या डिसेंबरात असंतुष्ट बौद्ध सैनिकांनी वेगळी सेना काढली, बर्मी लष्कराशी हातमिळवणी केली आणि जानेवारी 1995 मध्ये बंडाचे मुख्य ठाणे मानेरप्लॉ पडले. जानेवारी 1997 मध्ये याच गटाने सीमा ओलांडून छावण्या जाळल्या आणि मे लावर तोफगोळे टाकले. धर्मावरून भाऊ भावावर उठल्याचे ज्यांनी पाहिले, त्यांच्या पाळकाने शेजारच्या विहारातील भिक्षूंशी कसे वागावे हा प्रश्न शास्त्रवर्गातच यायला हवा.

2005 नंतर तिसऱ्या देशांत पुनर्वसन सुरू झाले आणि सीमेवरील सर्व छावण्यांतून मिळून एक लाखाहून अधिक लोक, मुख्यतः अमेरिकेत, गेले. शिकलेले लोक आधी गेले, त्यांत पाळक आणि अध्यापकही होते. मिनेसोटातील सेंट पॉल शहरात आज कारेन मंडळ्या भरतात, छावणीत मात्र पुन्हा पहिल्यापासून पाळक तयार करण्याची वेळ आली. 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर सीमेपलीकडे हवाई हल्ले वाढले, जानेवारी 2023 मध्ये ले वाह गावावरील हल्ल्यात दोन चर्च उद्ध्वस्त झाली आणि मृतांत दोन वर्षांचे बाळ व त्याची आई होती. 2025 मध्ये परदेशी मदत आटल्याने छावण्यांतील दवाखाने आणि शिधा या दोन्हींवर आघात झाला, त्याच वर्षी थायलंडने निर्वासितांना छावणीबाहेर कायदेशीर काम करण्यास मान्यता दिली. त्यामुळे विशीतील विद्यार्थ्यापुढे आता मजुरी आणि शास्त्रवर्ग यांतून निवड करण्याचा प्रश्न आहे, आणि जो वर्ग निवडतो त्याची नेमणूक छावणीत होईल की कड्यापलीकडच्या विस्थापितांच्या वस्तीत, हे त्याच्या मंडळ्या ठरवतात.