सायीखालची सहा वर्षे

वाइन भरलेल्या लाकडी पिंपात रिकामी जागा राहू द्यायची नाही, हा वाइन करणाऱ्यांचा अगदी पहिला धडा असतो. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून पिंपातला द्रव सतत थोडा थोडा उडून जातो, त्याची जागा हवा घेते, आणि हवा मिळाली की अ‍ॅसिटिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागून वाइनचे व्हिनेगर करून टाकतात. म्हणून बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांनी पिंप पुन्हा काठोकाठ भरले जाते. फ्रान्सच्या पूर्वेला, बर्गंडी आणि स्वित्झर्लंड यांच्या मध्ये असलेल्या ज्युरा प्रदेशात मात्र एक वाइन अशी होते, की तिच्या पिंपात पुढची सहा वर्षे कोणी थेंबभरही भर घालत नाही. तिचे नाव ‘व्हँ झोन’, म्हणजे पिवळी वाइन.

ही वाइन साव्हान्यँ या एकाच जातीच्या पांढऱ्या द्राक्षांची असते. ज्युराच्या उतारांवरील निळसर-करड्या चुनखडीयुक्त चिकणमातीत ही जात चांगली रुजते आणि तिची द्राक्षे उशिरा पिकतात. रस काढून तो नेहमीच्या पांढऱ्या वाइनप्रमाणेच आंबवला जातो. त्यातली साखर संपली, की ती वाइन २२८ लिटरच्या जुन्या ओक-पिंपांत भरून ठेवतात. त्यानंतर जे घडते, ते माणसाच्या हातचे नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वाइनच्या पृष्ठभागावर करड्या-पांढऱ्या रंगाचा एक पातळ पापुद्रा धरू लागतो. दुधावर साय धरते तसाच तो दिसतो, पण ही साय जिवंत असते. फ्रेंच लोक तिला ‘व्वाल’, म्हणजे तलम पडदा, असे म्हणतात.

ही साय यीस्टच्या असंख्य पेशींची बनलेली असते, आणि हे यीस्ट पाव फुगवणाऱ्या यीस्टच्याच जातीतले, सॅकरोमायसीज सेरेव्हिसी, असते. साखर असेपर्यंत या पेशी रसात पसरून साखरेचे अल्कोहोल करतात. साखर संपली की बहुतेक यीस्ट मरून तळाशी बसते. या वाणाच्या अंगी मात्र आणखी एक युक्ती असते. साखर संपल्याची चाहूल लागताच त्याच्या पेशींतले ‘एफएलओ-११’ हे जनुक जोराने काम करू लागते, पेशीच्या आवरणावर एक प्रथिन तयार होते आणि त्यामुळे पेशी पाण्यापासून अंग चोरू लागतात, एकमेकींना चिकटतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आपल्यात अडकवून वर तरंगतात. पृष्ठभागावर त्यांना ऑक्सिजन मिळतो, आणि तो वापरून त्या आता अल्कोहोलवरच जगू लागतात. जे आपण स्वतः तयार केले तेच पुढे अन्न म्हणून वापरणारा हा जीव मला फार विलक्षण वाटतो.

वरून येणारा ऑक्सिजन ही सायच वापरून टाकते, त्यामुळे खालच्या वाइनपर्यंत तो फारच थोडा पोहोचतो. आपल्याकडे लोणच्यावर तेलाचा थर राखतात, तोही फोडींना हवा लागू नये म्हणूनच. फरक एवढाच, की तेल निष्क्रिय असते आणि साय खालच्या द्रवाशी अखंड देवाणघेवाण करत असते. ती अल्कोहोलचे रूपांतर अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये करते, ज्याला चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास असतो. पृष्ठभागावरच्या पेशी म्हाताऱ्या होऊन तळाशी पडतात, तिथे त्यांचे विघटन होते आणि त्यांच्यातली अमिनो आम्ले वाइनमध्ये उतरतात. त्यांपैकी थ्रिओनिनपासून अल्फा-कीटोब्युटिरिक आम्ल तयार होते, त्याची अ‍ॅसिटाल्डिहाइडशी अतिशय सावकाश प्रक्रिया घडते, आणि त्यातून ‘सोटोलॉन’ नावाचे संयुग जन्माला येते.

सोटोलॉनचा वास मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको, कारण मेथीदाण्याचा जो खास वास असतो तो मुख्यतः याच संयुगाचा. फोडणीत मेथी तडतडली की घरभर पसरणारा, किंवा बाळंतिणीच्या मेथीच्या लाडवांचा डबा उघडल्यावर येणारा वास आठवावा. मेथी भरपूर खाल्ल्यावर घामाला येणारा वासही त्याचाच. हे संयुग इतके प्रभावी आहे, की लिटरभर वाइनमध्ये त्याचे प्रमाण ग्रॅमच्या लाखाव्या भागाच्या आसपास असले तरी नाकाला ते कळते. व्हँ झोनचे वर्णन करताना अक्रोड आणि मसाल्यांचा उल्लेख नेहमी येतो, त्यातल्या मसाल्यांच्या छटेमागे सोटोलॉनच असते.

पण तीच रिकामी जागा आणि तीच हवा अ‍ॅसिटिक जिवाणूंनाही हवी असते. पृष्ठभागावर चांगली साय धरावी की व्हिनेगर करणारी, हा प्रश्न ज्युरातल्या प्रत्येक पिंपापुढे असतो, आणि या दोन सायींमधला भेद शास्त्राला नीट उलगडून दाखवणारा माणूसही याच मातीतला होता. लुई पाश्चर यांचा जन्म १८२२ साली ज्युरातल्या दोल गावी झाला आणि त्यांचे बालपण आर्ब्वा या द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या गावात गेले. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने फ्रेंच वाइन का बिघडते याचा शोध घेण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपवली, तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शक घेऊन आर्ब्वा गाठले आणि एका जुन्या कॅफेच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. आंबट, कडवट, तार सुटलेली अशी प्रत्येक बिघडलेली वाइन त्यांनी तपासली, आणि प्रत्येक बिघाडाशी वेगळ्या सूक्ष्मजीवाची जोडी लावून दाखवली. वाइन हवाबंद ठेवून सुमारे ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवली तर हे जीव मरतात, हे त्यांनी सिद्ध केले. आज दुधाच्या पिशवीवर छापलेला ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द मुळात या वाइनच्या कामातून आला आहे.

त्यांचा १८७८ चा प्रयोग मात्र मला याहूनही सुंदर वाटतो. नुकतेच निवर्तलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांची टिपणे त्या वर्षी प्रसिद्ध झाली. किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, बाहेरच्या यीस्टवाचूनही होऊ शकते, असा त्यांचा रोख होता. पाश्चर यांनी वाद घालत बसण्याऐवजी आर्ब्वाजवळच्या आपल्या मळ्यात द्राक्षे पिकण्याआधीच काही वेलींवर काचघरे उभी केली आणि घड निर्जंतुक कापसात गुंडाळून ठेवले. ऑक्टोबरमध्ये त्या झाकलेल्या द्राक्षांचा रस काढला, तर तो आंबेना. उघड्यावरच्या वेलींचा रस मात्र नेहमीसारखा आंबला. यीस्ट बाहेरूनच येते, हे एका द्राक्षमळ्यात, एका हंगामात ठरून गेले.

तळघरातले आजचे काम पाश्चर यांच्याच वाटेने चालते. प्रत्येक पिंपाला खालच्या अंगाला एक लहान नळ बसवलेला असतो. वरची साय मोडू नये म्हणून पिंप हलवत नाहीत, नळातूनच नमुना काढतात आणि प्रयोगशाळेत त्यातले अ‍ॅसिटिक आम्ल व अ‍ॅसिटाल्डिहाइड मोजतात. ज्या पिंपात आम्ल चढू लागते, ते व्हँ झोनच्या रांगेतून बाजूला काढले जाते. शेजारशेजारची दोन पिंपे, वाइन एकाच मळ्याची, तरी एक पार पडते आणि दुसरे पडत नाही, हे तिथे नित्याचे आहे.

कायद्याने ही वाइन तोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत मुरायला हवी, आणि त्यातले किमान ६० महिने सायीखाली जायला हवेत. ज्युरातले सर्वांत मानाचे नाव म्हणजे शातो-शालों, कड्यावर वसलेले गाव आणि त्याच नावाची तिथली व्हँ झोन. तिथे तोडणीआधी मळ्यांची तपासणी होते, आणि द्राक्षे पुरेशी पिकली नसतील तर त्या वर्षी ते नाव वापरलेच जात नाही. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षांची शातो-शालों म्हणूनच अस्तित्वात नाही.

सहा वर्षांत पिंपातला बराचसा भाग उडून जातो. लिटरामागे ६२ सेंटीलिटर उरतात असा तिथला परंपरागत हिशेब आहे, आणि ‘क्लाव्हलँ’ नावाची तिची बुटकी, रुंद खांद्यांची बाटली नेमकी तेवढ्याच मापाची असते. साधी पांढरी वाइन उघडल्यावर दोन-चार दिवसांत उतरते. क्लाव्हलँ मात्र बूच परत लावून ठेवली तर कित्येक आठवडे टिकते, कारण हवेमुळे वाइनचे जे व्हायचे असते, त्यातले बरेचसे सायीखालीच होऊन गेलेले असते.